‘पाच वर्षं थांबा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

महिन्याभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला. परवा आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनीच टाकला, तेव्हा लिहायला बसले. मेसेज म्हणतो: मूल उशिरा चाललं-बोललं तरी पाच वर्षांपर्यंत काळजी नको, मुलगे उशिराच बोलतात. घरात दोन भाषा असल्या की मूल गोंधळतं, एक बंद करा. थेरपी हा पैसे काढायचा धंदा. आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र म्हणजे जन्माचा शिक्का.

खरं आहे तेवढं आधी मान्य करते. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपसूक बरोबरी गाठतात, आणि मुलगे थोडे मागे असतात. पण थोडे म्हणजे एखाद-दोन महिने. शिवाय कुठलं मूल आपसूक गाठणार, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. दीड वर्षाचं मूल चालत नसेल, दोन वर्षांचं ‘पाणी दे’ एवढंही जोडून बोलत नसेल, तर दाखवायचं. येत असलेले शब्द गळायला लागले तर त्याच आठवड्यात.

माझ्याच मुलाचं सांगते. ताट पडलं की तो दचकायचा, कुकरच्या शिट्टीला धावत यायचा. कान ठणठणीत आहेत असं आम्ही धरून चाललो. डॉक्टरही म्हणाले, बोलेल हळूहळू. अडीच वर्षांचा झाल्यावर कानाची बेरा तपासणी केली. झोपलेल्या पोराच्या डोक्याला तारा लावून करतात ती. तेव्हा कळलं, मोठे आणि जाड आवाज त्याला पोचत होते. ‘स’, ‘श’, ‘फ’ पोचतच नव्हते. कानाला मशीन लावून घरी आलो त्या संध्याकाळी सासूबाईंनी शेंगाचटणीची प्लास्टिकची पिशवी उघडली. तिची चुरचुर ऐकून हा थबकला, पिशवी हिसकावून घेतली आणि जेवण होईपर्यंत कानाशी चुरगाळत बसला.

उशिरा चालण्या-बोलण्यामागे थायरॉईड असेल तर याहून कठीण. जन्मजात कमतरता असेल आणि पहिल्या काही आठवड्यांतच गोळी सुरू झाली तर मेंदूची वाढ वाचते. पाच वर्षं थांबलात, तर गेलेलं परत येत नाही.

दोन भाषांचा मुद्दा सोलापुरात कुणी फॉरवर्ड करावा याचंच मला हसू येतं. पूर्व भागात घरी तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात हिंदी नाहीतर कन्नड. दोन भाषांनी मुलं मुकी होत असती तर निम्मं शहर मुकं असतं. मूल शब्दांची सरमिसळ करतं, तो दोष नव्हे. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मोजायचे. खरोखरची अडचण असेल तर ती दोन्हीकडे दिसते. आणि भाषा बंद करा म्हणजे कुणाची? बहुतेक घरांत आजीची, म्हणजे दिवसभर त्याच्याशी जी बोलते तिचीच.

धंद्याबद्दल निम्मं पटतं. स्टेम सेलची सुई देऊन ऑटिझम घालवतो म्हणणाऱ्यांपासून लांबच राहा. पण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी फुकट आहे. 2013 मध्ये ही योजना आपल्याच राज्यात, पालघरमध्ये सुरू झाली. तिच्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासायची असतात; विकासातला विलंब त्यांच्या यादीतच आहे. तुमच्या अंगणवाडीताईंना तारीख विचारा. थेरपीचा मोठा भाग तर घरातच होतो. आम्हाला शिकवलं ते इतकंच: भाकरीचा तुकडा हातात धरायचा, ‘भाकरी’ म्हणायचं आणि त्याने बोलावं म्हणून दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसायचं. फार अवघड जातं ते गप्प बसणं.

शिक्क्याचं म्हणाल तर, 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत. 40 टक्के किंवा जास्त असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. स्थिती पुढे बदलू शकत असेल तर प्रमाणपत्र मुदतीचं देतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता असलेल्यांना निरामय योजनेत एक लाखापर्यंत विमा आहे, त्यात थेरपीही येते. शिक्का मारायचा तो शेजारी कागद न बघताच मारतात.

मामा, तुमचा नातू हाकेला वळत नाही, हे दिवाळीत मी पाहिलं. तुम्ही ताट वाजवून दाखवलंत, तो वळला, सगळे हसले. आता ताट नका वाजवू. त्याच्या मागे उभे राहा आणि हळू आवाजात ‘शेंगा’ म्हणा. वळला तरी एकदा सिव्हिलला कान दाखवून आणू. सोमवारी मी मोकळी आहे.