सेविचे: लिंबानं मासा पांढरा होतो, निर्धोक होत नाही

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या सेविचेची, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशाची एक कृती सध्या खवय्यांच्या गटांत फिरते आहे. तिचा मथितार्थ असा: कोणताही ताजा मासा घ्या, परदेशी मोठ्या लिंबाच्या रसात रात्रभर बुडवा, रसात मासा शिजतो, जंतू मरतात, पेरूत पिढ्यानपिढ्या असंच खातात आणि कुणाला काही होत नाही. हे वाचून कुणी आजारी पडू नये, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘रसात मासा शिजतो, जंतू मरतात.’ आम्लामुळे माशातली प्रथिनं उलगडतात आणि पुन्हा एकमेकांत गुंततात, म्हणून अर्धपारदर्शक तुकडा दुधी आणि घट्ट होतो. विस्तवावरही हेच घडतं, पण तिथं उष्णता जीवाणू आणि कृमी मारते. आम्लाचा तसा भरवसा नाही. कॉलऱ्याचा जीवाणू आम्लापुढे दुबळा असतो; साल्मोनेला आणि लिस्टेरिया बरेच चिवट. समुद्री माशातली अॅनिसाकिस अळी तर लिंबाच्या रसात सहज तग धरते. तिच्यावर कच्च्या माशासाठी खात्रीचा इलाज एकच, गोठवणं: उणे 20 अंश सेल्सिअसला सलग 7 दिवस. घरचा फ्रीजर साधारण उणे 18 ला चालतो आणि दार उघडलं की तापमान आणखी चढतं, त्यामुळे आत थर्मामीटर ठेवून खात्री करा. मासा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवा, ओट्यावर नाही. गोठवल्यानं कृमी मरतात, जीवाणू मात्र बरेचसे तगून राहतात.

‘पेरूत कुणाला काही होत नाही.’ होतं. कच्च्या समुद्री माशातून होणारा फीतकृमी पेरूच्या किनारपट्टीवर डॉक्टरांच्या चांगला परिचयाचा आहे. 1991 मध्ये तिथं कॉलऱ्याची मोठी साथ आली, तेव्हा आरोग्य खात्यानं कच्चा मासा टाळायला सांगितलं होतं. साथ पसरण्यात दूषित पाण्याचा वाटा मोठा होता, हेही खरं.

‘कोणताही मासा चालतो.’ पेरूची राजधानी लिमामध्ये कोर्विना किंवा लेंग्वादो, म्हणजे लेपीसारखा चपटा मासा, पसंत करतात. कोर्विना ज्या कुळातला, त्याच कुळातली आपली घोळ. कमी तेलाची, घट्ट मांसाची, म्हणून उत्तम. बांगडा, सुरमई, टूना नको: बर्फ थोडा जरी कमी पडला तरी त्यांच्यात हिस्टामिन, म्हणजे अॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, तयार होतं, आणि ते लिंबानं, गोठवल्यानं, अगदी तळल्यानंही जात नाही. रोहू, कटला असे गोड्या पाण्यातले मासे कच्चे खाऊच नयेत.

‘परदेशी लिंबू लागतं.’ उलट आहे. पेरूच्याच उत्तरेकडच्या पिउरा भागात पिकणारं लिमोन सुतील आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं. फक्त शेवटच्या थेंबापर्यंत पिळू नका, सालीतला कडवटपणा उतरतो. अर्धवट दाबून सोडून द्या आणि लिंबं दोन-चार जास्त घ्या.

‘रात्रभर ठेवा.’ सगळी चव इथंच जाते. पूर्वी पेरूतही मासा तासन्‌तास मुरवत. 1899 पासून तिथं आलेल्या जपानी लोकांच्या स्वयंपाकाचा प्रभाव पडत गेला आणि हा वेळ मिनिटांवर आला. रात्रभरात प्रथिनं इतकी आवळतात की आतलं पाणी बाहेर फेकलं जातं. तुकडा खडूसारखा भुसभुशीत होतो आणि रस गढूळ, आंबट उरतो.

आता कृती. वर सांगितल्याप्रमाणे गोठवून वितळवलेल्या अर्धा किलो घोळीचे, काटे आणि काळपट मांस काढून, 2 सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. काचेचं किंवा स्टीलचं भांडं आधी फ्रीजमध्ये गार करा. अॅल्युमिनियम नको, त्याची चव उतरते. आधी दीड लहान चमचा मीठ चोळून दोन मिनिटं थांबा, मीठ आत शिरू द्या. मग बिया काढून बारीक चिरलेली लाल मिरची, कोथिंबीर आणि 12 ते 15 लिंबांचा ताजा रस घाला. बर्फाचे तीन खडे टाकून ढवळा: रस गार राहतो, आंबटपणा सौम्य होतो. खडे लगेच काढा, नाहीतर रस पाणचट होईल. 5 ते 10 मिनिटांत बाहेरून दुधी, आतून ओलसर असा तुकडा मिळतो, तिथंच थांबा. पातळ उभा चिरलेला कांदा गार पाण्यात धुऊन, निथळून सर्वात शेवटी. भांड्यातला पांढरट रस म्हणजे ‘लेचे दे तिग्रे’, तो ओतून देऊ नका. सोबत उकडलेलं रताळं आणि मक्याचे दाणे. रताळ्याचा गोडवा तो आंबटपणा सावरतो.

गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वृद्ध, यकृताचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना कच्च्या माशाचं सेविचे देऊ नका. त्यांच्यासाठी कोळंबी उकळत्या पाण्यात पूर्ण शिजवा, बर्फाच्या पाण्यात टाका आणि मग हाच रस घाला. पेरूतही कोळंबीचं सेविचे बहुधा असंच, आधी उकडून करतात.