वकीलसाहेब, टूमिन हरले नाहीत

वकीलसाहेब, नमस्कार.

शिकागोच्या कुक काउंटीत न्यायाधीशांना दर सहा वर्षांनी मतदारांपुढे जावं लागतं, त्याबद्दलच्या माझ्या लेखावर आपण लिहिलंत, की हा न्यायाचा लिलाव आहे. दाखलेही दोन दिलेत. एक, कॅलिफोर्नियात लोकांनी घरी पाठवलेले एरन पर्स्की. दुसरे, शिकागोत सत्ताधारी पक्षाने ज्यांच्या विरोधात उघड प्रचार केला ते मायकेल टूमिन. 'अशा व्यवस्थेत कोणता न्यायाधीश निर्भयपणे निकाल देईल?' हा आपला प्रश्न. साताऱ्याच्या कोर्टात हयात घालवलेल्या माणसाचा प्रश्न दोन ओळींत उडवून लावता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पर्स्कींच्या बाबतीत मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. 2016 मध्ये त्यांनी स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात सहा महिन्यांची कैद दिली आणि लोक खवळले. प्रोबेशन विभागाची शिफारसही सौम्य शिक्षेचीच होती आणि न्यायाधीशांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगाला त्यांच्या वागण्यात गैर काही आढळलं नाही. तरीही 2018 मध्ये सांता क्लारा काउंटीच्या मतदारांनी त्यांना काढलं. पण ते 'रिकॉल' होतं: सह्या गोळा करायच्या आणि मुदत संपायच्या आत माणसाला खाली खेचायचं. एका निकालाचा राग तापलेला असतानाच मतदान होतं. हे हत्यार न्यायाधीशांवर उगारूच नये, असं माझं ठाम मत आहे.

कुक काउंटीतलं 'रिटेन्शन' वेगळं. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयच्या 1970 च्या राज्यघटनेनुसार सर्किट कोर्टाचा, म्हणजे खटले चालवणाऱ्या न्यायालयाचा, न्यायाधीश पहिल्यांदा पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. त्यानंतर दर सहा वर्षांनी मतपत्रिकेवर त्याचं एकट्याचं नाव येतं. समोर ना पक्ष, ना प्रतिस्पर्धी. यांना पदावर ठेवायचं का, एवढाच प्रश्न. 'हो' म्हणणारे 60 टक्के असावे लागतात.

आता टूमिन. चाळीसएक वर्षं न्यायासनावर काढलेला हा माणूस. शिकागोत 2004 मध्ये डेव्हिड कॉशमन हा तरुण ठोसा लागून पडला आणि पुढे दगावला. ठोसा मारणारा शिकागोचे तेव्हाचे महापौर डेली यांचा भाचा होता. वर्षानुवर्षं कुणावरही आरोप ठेवला गेला नाही. 2012 मध्ये टूमिन यांनी या प्रकरणात विशेष सरकारी वकील नेमला आणि 2014 मध्ये त्या भाच्याने गुन्हा कबूल केला. 2019 मध्ये स्वतःवर हल्ला झाल्याची खोटी तक्रार केल्याचे अभिनेता जुसी स्मोलेटवरचे आरोप काउंटीच्या मुख्य सरकारी वकील किम फॉक्स यांच्या कार्यालयाने मागे घेतले, तेव्हाही विशेष वकील नेमण्याचा आदेश टूमिन यांनीच दिला. (पुढे 2024 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्मोलेटची शिक्षा रद्द केली, सरकारने आधी केलेला समझोता पाळायला हवा होता, असं कारण देऊन.) फॉक्स डेमोक्रॅटिक पक्षाच्या. 2020 मध्ये त्या पक्षाच्या काउंटी शाखेने टूमिन यांना 'नाही' म्हणा, असं मतदारांना सांगितलं. बाल न्यायालय ते कसं चालवतात, यावर पक्षाने बोट ठेवलं होतं. स्मोलेट प्रकरणाचा सूड उगवला जातोय, असं टूमिन यांचे समर्थक म्हणत होते, आणि मलाही तसंच वाटतं.

इथवर आपली तक्रार रास्त आहे. पण पुढचा भाग आपल्या प्रतिक्रियेत नाही. कुक काउंटीत या पक्षाचा शब्द म्हणजे जवळजवळ निकालच. तरीही टूमिन यांनी 60 ची रेषा ओलांडली, थोडक्यात का होईना, आणि पद राखलं. त्याच मतपत्रिकेवर जॅकी पोर्टमन-ब्राउन यांचंही नाव होतं. नात्यातल्या एका लहान मुलीला त्यांनी कोर्टाच्या कोठडीत काही वेळ बंद केल्याचं कॅमेऱ्यात दिसलं होतं. त्यांनाही पक्षाचा विरोध होता. त्या हरल्या. एकाच पक्षाने दोघांना 'नाही' म्हणायला सांगितलं आणि मतदारांनी दोघांचा निवाडा वेगवेगळा केला. याला लिलाव कसं म्हणायचं?

2018 मधले मॅथ्यू कॉगलनही आठवा. त्यांना निम्म्याहून जास्त मतदारांनी 'हो' म्हटलं, तरी 60 टक्के भरले नाहीत. कुक काउंटीत 1990 नंतर रिटेन्शनमध्ये हरलेले ते पहिलेच. सरकारी वकील असताना दोघांना खुनाच्या खटल्यात गोवण्यात सहभाग असल्याचा आरोप त्यांच्यावर एका दाव्यात होता. तो त्यांनी नाकारला होता. त्यांचे निकाल आणि दिलेल्या शिक्षा पत्रकारांनी तपासून छापल्या, म्हणून लोकांना काही कळलं तरी.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. इतक्या वर्षांत जवळपास कुणीच हरत नाही, याचा अर्थ सगळे उत्तम होते असा नाही. 1980 च्या दशकात एफबीआयच्या 'ऑपरेशन ग्रेलॉर्ड'मध्ये याच काउंटीचे 15 न्यायाधीश लाचखोरीत दोषी ठरले. त्यांना मतदारांनी पकडलं नव्हतं. आजही मतपत्रिकेच्या शेवटाला न्यायाधीशांची साठ-सत्तर नावं रांगेने येतात. शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमधली मराठी मंडळी अध्यक्षापासून काउंटीच्या पदांपर्यंत विचार करून शिक्के मारतात आणि तिथे पोचल्यावर हात टेकतात. चूक त्यांची नाही. कोलोरॅडोत 1988 पासून प्रत्येक न्यायिक जिल्ह्यात सरकारी मूल्यमापन समित्या आहेत आणि त्यांचा अहवाल मतदारांपर्यंत पोचतो. इलिनॉयमध्ये वकिलांच्या संघटनांची 'पात्र' किंवा 'अपात्र' ही शिफारस आणि पत्रकारांचं काम, यांवरच भागवावं लागतं.

आपल्याकडे लोकसेवा आयोगाची परीक्षा आणि वर उच्च न्यायालयाची देखरेख पुरेशी आहे, असं आपण लिहिलंत. परीक्षेबद्दल मला आदरच आहे. पण कनिष्ठ न्यायाधीशाचा गोपनीय अहवाल पक्षकाराला कधी दिसतो का, वकीलसाहेब? इथे निदान प्रश्न उघड्यावर विचारला जातो.

शेवटी आपण विचारलंत, की 2020 मध्ये मी काय केलं. टूमिन यांना 'हो', पोर्टमन-ब्राउन यांना 'नाही'. बाकीच्या नावांसाठी वकील संघटनांची यादी समोर ठेवली आणि जिथे त्यांनी 'अपात्र' म्हटलं होतं, तिथे 'नाही'.