वाग्दंड वर चढतो का?

चर्चच्या हिशेबाबद्दल कुणी प्रश्न विचारला की आपल्याकडे वाद ठरलेल्या दोन वाटांनी जातो. एक बाजू म्हणते, घरची भांडणं चव्हाट्यावर आणू नका, मत्तय 18 वाचा. दुसरी म्हणते, दाराआड बोलून आजवर काय झालं? टाका ग्रुपवर, सगळ्यांना कळू दे. इंग्लंडमधून हा वाद ऐकताना जाणवतं की वचन दोन्ही बाजूंनी अर्धंच वाचलेलं असतं.

मत्तय 18:15-17 मध्ये पायऱ्या आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी एकट्याने जाऊन, दोघांतच बोलायचं. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्यायचं. तरीही नाही तर मंडळीला सांगायचं. बहुतेक वेळा घोटाळा पहिल्या पायरीवरच होतो. ज्याची चूक त्याच्याकडे न जाता माणूस तिसऱ्याकडे जातो, आणि वर म्हणतो, “प्रार्थनेसाठी सांगतोय हं.” प्रार्थनेच्या विनंतीचा पदर पांघरून फिरलेली चहाडी मंडळीत सगळ्यांत वेगाने पसरते. दुसऱ्या पायरीवर साक्षीदार म्हणून आपल्याच गटातले दोघे नेले जातात. मुळात हा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला (19:15), न्यायनिवाड्याचा आहे. साक्षीदाराने दोन्ही बाजू ऐकून गोष्ट पक्की करायची असते, संख्याबळ दाखवायला जायचं नसतं.

शिवाय हे वचन भावाने भावाचा अपराध केला त्याबद्दल आहे. पाळक किंवा खजिनदार चुकला तर 1 तीमथ्य 5 उघडावं. 19वं वचन सांगतं, दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलावरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप ऐकूनच घेऊ नका. पाळकाची बाजू घेणारे इथे पुस्तक मिटतात. 20वं वचन लगेच पुढे आहे: जे पाप करत राहतात त्यांना सर्वांसमक्ष दोष दाखवा, म्हणजे बाकीच्यांनाही धाक बसेल. अंत्युखियात पौलाने हेच केलं. पेत्र यहूदीतर विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठून बाजूला झाला, तेव्हा पौल सगळ्यांदेखत त्याच्याशी बोलला, कारण चूकही सगळ्यांदेखत झाली होती. उलट अपुल्लोस नावाचा उपदेशक सभास्थानात अपुऱ्या माहितीवर शिकवत होता, तर प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं. त्याची माहिती कमी होती, दांभिकपणा नव्हता. कुणाला कुठे बोलायचं, हा विवेक या दोन प्रसंगांत आहे.

आणि गुन्हा असेल, मुलाला इजा झाली असेल, तर या पायऱ्या लागूच नाहीत, थेट पोलीस. हा धडा इथल्या चर्चने फार महाग शिकला. ख्रिस्ती शिबिरं चालवणारा वकील जॉन स्मिथ (Smyth) याने मुलांवर आणि तरुणांवर केलेल्या अत्याचारांची माहिती असूनही चर्चने काय केलं नाही, हे स्वतंत्र चौकशीच्या मेकिन अहवालाने मांडलं, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. ‘आतल्या आत मिटवू’ ही प्रवृत्ती फक्त आपली नाही, एवढं तरी मायदेशी सांगायला हवं.

म्हणून इकडचं सगळं उचलून तिकडे न्यावं, असं मला वाटत नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीत, मुलांच्या आणि दुर्बलांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेली व्यक्ती असते, तिचं नाव फलकावर असतं. पण शेजारच्या बाकावरचा माणूस दारूत बुडत असला तर त्याला घरी जाऊन सांगणारं कुणी सापडेलच असं नाही. तो त्याचा खाजगी मामला! आपल्याकडे निदान एखादी मावशी तोंडावर सांगते. मात्र आपला वाग्दंड, म्हणजे चुकीबद्दलची कानउघाडणी, वरून खाली येतो, खालून वर चढत नाही. तरुणाला सगळे सुनावतात, पाळकाला कुणी नाही.

नेण्यासारखी एक गोष्ट आहे. इथे 31 मेच्या आत पॅरिशची वार्षिक सभा घ्यावीच लागते. स्वतंत्र तपासणी झालेले हिशेब तिथे मांडले जातात आणि यादीतला कोणीही सभासद प्रश्न विचारू शकतो. आपल्याकडेही वार्षिक सभा असते, पण तिथे प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं समजतात. हिशेब आठवडाभर आधी छापून वाटले आणि प्रश्नांसाठी अर्धा तास विषयपत्रिकेतच ठेवला, तर विचारणारा बंडखोर ठरत नाही.

सगळाच वाग्दंड देवाकडून येतो असंही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्येच, वाँटेजला झाला. पुढे चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर बिशपांनी हरकत घेतली, आणि वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा आज्ञापालनावरून दीर्घ पत्रव्यवहार झाला. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून सुटून दुसरं मानेवर घ्यायचं नाही, ही त्यांची भूमिका होती. रमाबाई या पत्रांतून ऐकत होत्या, कारण विचारत होत्या, आणि वचनाला व विवेकाला न पटलेलं नाकारत होत्या. याकोब 3:17 ची कसोटी इथे उपयोगी पडते: वरून येणारं ज्ञान शुद्ध असतं, मग शांतिप्रिय, सौम्य, समजूत ऐकणारं. समोरचा कारण विचारू देत नसेल तर तो बोध करत नाही, ताबा घेतोय.

आपल्यालाच कुणी बोललं तर? शौल राजाकडे बघा. शमुवेल संदेष्ट्याने विचारल्यावर तो आधी म्हणाला, मी आज्ञा पाळली. मग म्हणाला, लोकांनी मेंढरं आणली. शेवटी ‘पाप केलं’ म्हणाला, पण त्याच दमात लोकांच्या वडीलजनांसमोर माझा मान राख अशी विनवणीही केली. उलट नाथानाने चूक दाखवल्यावर दाविदाने दिलेली कबुली इब्रीमध्ये दोनच शब्दांची आहे, सबब नाही. आपलं पहिलं उत्तर बहुधा सबबच असते, त्यामुळे त्याच दिवशी उत्तर देऊ नये. बोलणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं कागदावर लिहावं. मग ते एका अशा माणसाला दाखवावं जो आपला दोस्त नाही. सांगणाऱ्याचा सूर वाईट होता, हे खरं असलं तरी त्याने मुद्दा खोटा ठरत नाही. माफीत ‘पण’ आला की ती तिथेच संपली. पैशाची चूक असेल तर जुन्या करारातल्या ‘गणना’ या पुस्तकाचा (5:7) हिशेब सरळ आहे: मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे दहा हजारांचे बारा हजार. आपल्याकडे रडून साक्ष देतात, रक्कम तशीच राहते.

परदेशातल्या मराठी प्रार्थनासभांचा धोका वेगळा. दिवाणखान्यात जमलेली आठ-दहा कुटुंबं, सगळी चाळिशीच्या आतबाहेरची, सगळ्यांची नोकरी एकाच धर्तीची. लोकांनी ओझं हलकं करा म्हणून विनवलं, तेव्हा शलमोनाचा मुलगा रहबाम राजा याने तीन दिवस मागून घेतले, आधी वृद्धांना विचारलं, मग बरोबर वाढलेल्यांना, आणि ऐकलं बरोबरच्यांचं. इस्राएलाचे दहा वंश त्याच्या हातून गेले. घर घेणं, मुलांची शाळा, मायदेशी आईवडिलांची सोय, यांवर आपण आपल्यासारख्यांनाच विचारतो, तेही निर्णय झाल्यावर. अशा सभेने स्थानिक चर्चमधला एक वडील आणि मायदेशातला एक जुना पाळक असे दोघे ठरवून ठेवावेत, आणि घराचा बयाणा देण्याआधी त्यांना फोन करावा.

शिस्त लावली तर ती संपायची तारीखही ठरवा. प्रभुभोजनातून बाजूला केलेला माणूस वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतो, कारण त्याला परत बोलवायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही. 2 करिंथ 2 मध्ये पौल लिहितो की बहुमताने दिलेली शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. कमिटीच्या ठरावात त्याला कधी आणि कोण घरी जाऊन आणणार, त्याचंही नाव लिहिलेलं असावं.