सोयाबीन, कॅनोला आणि ‘शेतात पाय न ठेवलेली माणसे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या गवताळ मैदानी प्रांतांत, कॅनोला या मोहरीच्या कुळातल्या तेलबियेला पर्याय म्हणून सोयाबीनकडे पाहावे, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की सोयाबीन हे उबदार हवेचे पीक आहे, ऑगस्ट कोरडा गेला की ते हाती लागत नाही, पांढरी बुरशी दोन्ही पिकांवर येते, आणि ‘असले सल्ले शेतात पाय न ठेवलेली माणसेच देतात’. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु हे शेवटचे वाक्य मतभेदात मोडत नाही आणि ते मी तसेच सोडून देणार नाही.

मॅनिटोबात रेड नदीच्या खोऱ्यातल्या शेतांवर मी अनेक हंगाम पेरणीपासून मळणीपर्यंत राबलो आहे. मे महिन्यात बी पडते त्या खोलीवर तापमापक खुपसून माती 10 अंशांवर येण्याची वाट पाहिली आहे, कारण कॅनोला 5 अंशांच्या आसपासही उगवतो, पण सोयाबीनचे बी थंडगार ओलीत फुगते आणि कुजते. जुलैमध्ये झाडे मुळांसकट खणून, मुळांवरच्या गाठी नखाने फोडून आतला रंग तपासला आहे. तो गुलाबी असेल तर जिवाणू हवेतला नत्र बांधत आहेत असे समजावे, आणि मग कॅनोलाला लागते तशी नत्रखताची भारी मात्रा या पिकाला द्यावी लागत नाही. ज्या जमिनीत पूर्वी सोयाबीन झालेलेच नाही, तिथे जिवाणू संवर्धक बियाण्याला चोळून शिवाय ओळीतही सोडणे हिताचे असते, हे मी पिवळी पडलेली शेते पाहून शिकलो. एवढे केल्यावर एका अनोळखी माणसाने आपल्याला शेत माहीतच नाही असे ठरवून टाकावे, याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

पांढऱ्या बुरशीबद्दलचा आपला मुद्दा मात्र रास्त आहे. तिच्यासाठी ही दोन पिके एकमेकांची फेरपालट ठरत नाहीत. मध्ये गव्हासारखे तृणधान्य हवेच.

परंतु क्लबरूटचे, म्हणजे कॅनोलाच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या रोगाचे काय? आपल्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखसुद्धा नाही, आणि माझा अर्धा लेख त्यावरच होता. 2003 मध्ये अल्बर्टात एडमंटनजवळ कॅनोलावर आढळलेल्या या रोगाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात, आणि एक वर्षाआड कॅनोला घेणारा शेतकरी त्यांना पोसतच राहतो. सोयाबीनवर हा रोग येत नाही. शिवाय 2025 मध्ये चीनने मार्चमध्ये कॅनडातून येणाऱ्या कॅनोलाच्या तेलावर व पेंडीवर 100 टक्के शुल्क आणि ऑगस्टमध्ये बियांच्या आयातीवर 75.8 टक्क्यांची अनामत रक्कम लादली, तेव्हा एकाच तेलबियेवर विसंबलेल्यांचे काय झाले, हे आपणही पाहिले असेल.

ऑगस्टच्या पावसाचे म्हणाल, तर मॅनिटोबातला सोयाबीनचा पेरा 2017 मध्ये 20 लाख एकरांपलीकडे जाऊन पुढच्या कोरड्या वर्षांत घसरला, हे मला ठाऊक आहे. सगळीकडे सोयाबीनच लावा, असे मी कुठेही म्हटलेले नाही. उबेचा प्रश्न लवकर पक्व होणाऱ्या 00 आणि 000 गटांतल्या वाणांनी बराच सोडवला आहे.

पुन्हा लिहाल तेव्हा आपल्या जमिनीत कॅनोला किती वर्षांनी परत येतो आणि मधल्या वर्षांत काय असते, ते लिहा. मी त्यावर मुद्द्याने उत्तर देईन. मी शेतात गेलो आहे की नाही, या चौकशीला पुन्हा उत्तर मिळणार नाही.