सार्कवर मोटार नाही, इंजिन मात्र आहे

इंग्लिश खाडीतील सार्क बेटाविषयी एक संदेश वारंवार फिरत असतो: तिथे एकही इंजिन नाही, त्यामुळे वाहतुकीचे नियमही नाहीत, आणि अमेरिकेच्या मॅकिनॉ बेटाप्रमाणेच हे सारे पर्यावरणासाठी चालले आहे. मोटारी नाहीत एवढे खरे. बाकीचे तपासल्यावर टिकत नाही.

सार्कवर बंदी मोटारींना आहे, इंजिनाला नाही. तिथे परवाना घेऊन ट्रॅक्टर चालवता येतो. बोटीतून उतरलेल्या प्रवाशाला धक्क्यावरून वर नेणारा चढ चांगलाच उभा असल्याने, पायी जायचे नसेल तर ट्रॅक्टरमागे जोडलेल्या बाकड्यांच्या गाडीत बसावे लागते; सामानही ट्रॅक्टरवरच येते. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंबसुद्धा ट्रॅक्टरच ओढतो. संदेशासोबतच्या छायाचित्रात फक्त घोडागाडी दिसते, ही छायाचित्रकाराची निवड झाली.

नियम नसल्याचा दावा तर सपशेल उलटा आहे. मुख्य बेट आणि धाकटे सार्क यांना जोडणारी ‘ला कूपे’ ही अरुंद भूपट्टी पाहावी. दोन्ही बाजूंना सुमारे ८० मीटर खोल कडा आणि मधून जेमतेम तीन मीटर रुंदीची वाट. म्हणून सायकलस्वाराने इथे उतरून सायकल हाताने न्यायची आणि घोडागाडीतल्या प्रवाशांनीही पायउतार व्हायचे, असा दंडक आहे. हा धाक काल्पनिक नव्हे: १९०० मध्ये कठडे बसण्यापूर्वी, वारा सुटला की शाळेला जाणारी मुले ही वाट रांगत ओलांडत. आजचा काँक्रीटचा रस्ता १९४५ मध्ये ब्रिटिश लष्करी अभियंत्यांच्या देखरेखीखाली जर्मन युद्धकैद्यांनी बांधला.

राहिला पर्यावरणाचा मुद्दा. मॅकिनॉवर मोटारबंदी आली १८९८ मध्ये, आणि तिचे कारण धूर किंवा हवामान नव्हते, तर मोटारीच्या आवाजाने बुजणारे घोडे होते. तिथेही रुग्णवाहिका आणि बंब मोटारीचेच आहेत, हिवाळ्यात रहिवासी बर्फावरच्या इंजिनगाड्या चालवतात, आणि बेटाला वळसा घालणाऱ्या सुमारे १३ किलोमीटरच्या राज्य महामार्गावर सायकली व घोडे धावतात. धूर नसला तरी घाण असतेच: उन्हाळ्यात शेकडो घोड्यांची लीद रस्त्यावर पडते आणि ती उचलायला सफाई कामगार नेमावे लागतात.