दाखवा बोट!

मी मतदान केलं आहे. हे वाक्य इतक्या जणांना ऐकवून झालंय की आता माझा मलाच संशय यायला लागलाय.

15 जानेवारीला, म्हणजे ऐन किंक्रांतीला, आमच्या डोंबिवलीत महापालिकेचं मतदान झालं. किंक्रांतीला शुभकार्य करू नये म्हणतात. पण 2015 नंतर थेट आत्ता निवडणूक, 2020 पासून नगरसेवकच नाहीत, सगळा प्रशासकांचा कारभार. मुहूर्त कोण बघतो? गेलो, चार मतं दिली (चार सदस्यांचा प्रभाग, एकाला धड ओळखत नसताना चौघांना निवडायचं), बोटावर मार्कर पेनची रेघ ओढून घेतली आणि घरी आलो. कामवाल्या मावशी मतदानाची सुट्टी घेऊन गेलेल्या, म्हणून भांडी मी घासली. शेवटचा कुकर विसळून हात पुसले, तर बोट लख्ख.

त्या दिवशी राज्यभर या मार्करच्या शाईवरून गदारोळ चालला होता. टीव्हीवर लोक ॲसिटोन लावून बोटं पुसून दाखवत होते. मला ॲसिटोनही लागलं नाही.

संध्याकाळी दूध आणायला उतरलो, तर लिफ्टसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून आमच्या सोसायटीचे खजिनदारकाका बसलेले. मांडीवर मेंटेनन्सचं जुनं रजिस्टर, त्याच्या मागच्या पानांवर लाल पेनाने आखलेले फ्लॅटवार रकाने. शेजारी स्टीलच्या डब्यात तिळगूळ. बोट दाखवा, वडी घ्या, अशी व्यवस्था.

"दाखवा बोट."

दाखवलं.

"डावं."

"हे डावंच आहे."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइलचा टॉर्च लावला, बोट उलटंपालटं केलं आणि, देवाशप्पथ सांगतो, हुंगलं.

"लिंबू?"

"भांडी घासली."

"तुम्ही?" या एका शब्दात शाईबद्दल होता त्याच्या दुप्पट अविश्वास होता.

"हिला विचारा. बरोबरच गेलो होतो."

"घरची साक्ष धरत नाही मी. वहिनी मघाशीच दाखवून गेल्या. त्यांच्या नखावर आहे, ठसठशीत. आता मला सांगा, शाई एक, केंद्र एक, वहिनींची राहते आणि तुमची जाते?"

"अहो, भांडी..."

"गेली, की घालवली?" काकांनी आवाज खाली आणला. "पुन्हा नाही ना जाऊन आलात?"

म्हणजे अर्ध्या मिनिटात मी मतदान न करणाराही ठरलो आणि दोनदा करणाराही. वॉचमन खुर्ची सरसावून ऐकायला बसला होता.

"राग मानू नका," काका म्हणाले, "पण आपली माणसंच बाहेर पडत नाहीत हो."

खरा राग मला इथे आला. डोंबिवलीत तुम्ही कुणाला मत देता हे कुणी विचारत नाही. आडनाव, गल्ली आणि पाडव्याच्या स्वागतयात्रेत तुम्ही झब्बा घालून दिसलात का, एवढ्यावर तुम्ही परस्पर 'आपले' होता. काका पार जनसंघापासून सुरू झाले. रामभाऊ म्हाळगी, राम कापसे ठाण्याचे खासदार झाले ते कुणाच्या जिवावर? गड आहे हा गड! असेल. पण गडावरची मंडळी दुपारचं जेवून झोपलेली असतात त्याचं काय? 2024 च्या लोकसभेला गडचिरोलीत जंगल तुडवत सत्तर टक्क्यांच्या वर लोक आले. आमच्या कल्याण मतदारसंघात जेमतेम निम्मे. रोज लोकलच्या दाराला लोंबकळणाऱ्या माणसाला भरदिवसा घरी झोपायला मिळतंय, तो कशाला उठतोय, हे मला कळतं. यादीतून नावच गायब झालेल्यांचं दुःखही कळतं. पण या वेळी गुरुवार आला होता. शुक्रवारची रजा टाकली की थेट रविवारपर्यंत अलिबाग.

अलिबागवरून आठवलं. मी वाकून रजिस्टरमध्ये काकांचा स्वतःचा फ्लॅट बघितला. चार मतदार, चारही टिका.

"मुलगा आणि सूनबाई दिसत नाहीत?"

"अलिबागला गेलेत. पण ते मनाने आपलेच आहेत," काका म्हणाले आणि पान उलटलं.

दूध घेऊन परत येईपर्यंत माझ्या रकान्यात नोंद झाली होती: 'शंकास्पद'. तिळगूळ मिळाला नाहीच.

मी चार मतं कुणाला दिली ते मी काकांना सांगितलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही. वीसेक जण तर मतदानाआधीच बिनविरोध निवडून आले होते. त्या जागांपुरतं आमच्या मताचं कामच नव्हतं. आणि निकालानंतर आठवड्याच्या आत मनसेच्या पाच नगरसेवकांनी शिंदेसेनेला पाठिंबा दिला. प्रचारात उद्धवसेनेचा हात धरून ज्यांच्याविरुद्ध घसा फोडला, त्यांनाच. माझी शाई निदान साबणाने तरी गेली.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याचा विषय निघाला. पाणी कमी दाबाने येतं, टँकर मागवावे लागतात, नव्या नगरसेवकांकडे शिष्टमंडळ न्यावं, असं मी उठून म्हणालो. काकांनी पिशवीतून ते रजिस्टर काढलं.

"ज्यांनी मतदान केलं नाही, त्यांनी पालिकेबद्दल बोलू नये."

"मी केलंय!"

"नोंद काय म्हणते?"

सगळ्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं. मी ते खिशात घातलं. शिष्टमंडळात काकांचा अलिबागवाला मुलगा गेला. टँकरच्या वर्गणीची पावती मात्र संध्याकाळीच माझ्या दाराखालून सरकली, पूर्ण रकमेची, आणि तिच्यावर 'शंकास्पद' वगैरे काही लिहिलेलं नव्हतं.