‘मूचो’ आणि ‘मच’ सख्खे भाऊ नाहीत

स्पॅनिश शिकणाऱ्यांमध्ये एक तक्ता फिरत असतो. स्पॅनिश ‘मूचो’ आणि इंग्रजी ‘मच’ ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं, असं त्यात छातीठोकपणे लिहिलेलं असतं. पुरावे तीन: उच्चार सारखा, अर्थ सारखा आणि इंग्रजीत लॅटिन शब्दांचा भरणा. एकही टिकत नाही.

उच्चाराचं आधी बघू. मूचो आला लॅटिन ‘मुल्तुम’वरून, आणि त्यात ‘च’ नव्हताच. ‘उ’नंतरच्या ‘ल्त’चा स्पेनमध्ये हळूहळू ‘च’ झाला. सुरीसाठीच्या लॅटिन ‘कुल्तेल्लुस’चं स्पॅनिशमध्ये ‘कुचियो’ झालं, तेही असंच. पोर्तुगीज भाषा मात्र अर्ध्या वाटेवरच थांबली. गोव्यात पोर्तुगीज जाणणारी जुनी मंडळी ‘मुइंतु ओब्रिगादु’ म्हणून आभार मानतात, त्यातला ‘मुइंतु’ म्हणजे हाच मुल्तुम. मचचा ‘च’ वेगळ्याच घरातला. जुन्या इंग्रजीत ‘मिचेल’ म्हणजे मोठा; त्यातला ‘च’ मुळात ‘क’ होता आणि स्कॉटलंडच्या ‘मिकल’मध्ये तो आजही ऐकू येतो. शेवटचा ‘ल’ पुढे गळून पडला.

लॅटिनच्या भरण्याची गोष्ट खरी आहे, पण त्यातला मोठा लोंढा 1066च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमार्फत आला. ‘मिचेल’ त्याच्या कितीतरी आधीचा. नवव्या शतकात संकलित झालेल्या अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलमध्ये इंग्लंडवर चालून आलेल्या डेन लोकांच्या फौजेला ‘मिचेल हेरे’, म्हणजे मोठी फौज, म्हटलंय. मुल्तुमचं कूळ इंग्रजीतही पोचलं, पण ते मल्टिप्लाय, मल्टिट्यूड, मल्टिप्लेक्स या शब्दांत. मूचोचे खरे इंग्रजी नातलग हे!

उरला अर्थ. अर्थ जुळला म्हणून रक्ताचं नातं ठरत नाही. मचचं कूळ ग्रीक ‘मेगास’ आणि संस्कृत ‘महत्’ यांच्याशी जुळतं. म्हणजे आपल्या महासागरातला ‘महा’ मचच्या भावकीतला, मूचोच्या नव्हे. मला तरी हे त्या तक्त्यापेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

त्याच तक्त्यात ‘दीआ’ आणि ‘डे’ यांचीही जोडी लावलेली असते. तीही चूक. लॅटिन ‘दिएस’वरून आलेला दीआ आपल्या ‘दिवसा’चा नातलग, आणि इंग्रजीत त्याची सोयरीक ‘डायरी’शी. लॅटिन ‘हाबेरे’वरून आलेलं स्पॅनिश क्रियापद ‘आबेर’ आणि इंग्रजी ‘हॅव’ यांचंही तेच. लॅटिन ‘क’च्या जागी इंग्रजीत ‘ह’ येतो, जसं ‘केंतुम’ आणि ‘हंड्रेड’. म्हणून हॅवची लॅटिनमधली बहीण ‘कापेरे’, म्हणजे पकडणे. तिच्यापासून स्पॅनिशमध्ये आला ‘काबेर’, म्हणजे मावणे. तक्त्यात आबेर खोडून तिथे काबेर लिहा.